तोंडावर मारू नका

माझी बायको सुमन आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी बसून हे सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही. ती गेली. त्यानंतर ज्याला सांगावं असं माणूसच उरलं नाही — म्हणून तुम्हाला सांगतोय. तुमच्या घरात शाळेत जाणारं लेकरू असेल, तर जरा बसा माझ्याजवळ.

आमचं खेडं हट्टा गावाच्या बाजूला. हळदीची थोडी शेती. पण गावात मला ओळखत ते कबड्डीसाठी. तरुणपणी मी चांगला खेळायचो, पुढे गावातल्या पोरांना शिकवू लागलो. संध्याकाळी मैदानावर गेलो की पोरं काका, काका करत पाया पडायची. त्यांत बालाजी माझा सगळ्यात लाडका. दहावीतला, अंगानं दणकट. असा पोरगा आपल्या पोटी असावा, असं वाटायचं — हो, वाटायचं. आता लपवून काय करू?

माझ्या पोटी नितीन होता. बालाजीच्याच शाळेत, आठवीत. हडकुळा, हळवा, चित्रं काढणारा. मैदानावर एकदा आणला, तर धूळ डोळ्यांत गेली म्हणून रडला. सगळे हसले. मला त्याची लाज वाटली.

१९९७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी काहीतरी बिघडलं. शाळेतून आला की दप्तर फेकून आधी नाल्याकडे पळायचा. त्याची आई म्हणायची, "दिवसभर लघवी धरून ठेवतंय लेकरू, काहून?" मी म्हणायचो, खेळण्यात विसरत असेल. खेळण्यात? तो कुठं खेळत होता? पुढं तो सदरा घालूनच अंघोळ करू लागला. मी पाहिलं. काही विचारलं नाही.

मग एका संध्याकाळी न्हाणीत तो उघडा सापडला. पाठीवर पिवळे-हिरवे डाग. हळद शिजवायचे दिवस होते. अंगण, हात, कपडे, घरात सगळंच पिवळं. मी ओल्या पंच्यानं एक डाग पुसला. निघाला नाही. जोरात पुसला — नितीननं ओठ आवळले, हूं की चूं केलं नाही. जुना मार असाच पिवळा पडतो, हे कबड्डी खेळलेल्या माणसाला कुणी सांगावं लागतं का?

आणि मी मोठ्यानं, सुमनला ऐकू जाईल असं म्हणालो, "हळद लागली याला. न्हाई निघत लवकर."

हा माझा पहिला गुन्हा. पण तो मोठा नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी बालाजीला आणि त्याच्यासोबतच्या पोरांना बाजूला घेतलं. "काय रे, आमच्या नित्याला मारून राहिले का तुमी?"

पोरांनी माना खाली घातल्या. घाबरली होती. माझ्या एका शब्दानं ते सगळं तिथंच थांबलं असतं. बालाजी चाचरत म्हणाला, "मस्ती करतो, काका. मुतारीत दार धरून ठेवतो. तो लगेच रडतो ना…"

कुणीतरी हसलं. मग मीही हसलो. आणि म्हणालो — हे मी म्हणालो — "मग रडणं बंद होईस्तोर करा. पक्कं होऊ द्या पोरगं. फक्त तोंडावर मारू नका, त्याच्या आईला दिसतंय."

चार-पाच दिवसांनी नितीन माझ्यापुढे येऊन उभा राहिला. शाळेत काय होतं, याबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता. "बाबा, बालाजी म्हणतो, तुमीच सांगितलंय मारायला."

मी म्हणालो, "खोटं बोलून राहिला तो. आन् बायकांवानी चुगल्या घेऊन येऊ नको."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्यावर विश्वास ठेवायला तयार होता ते लेकरू, तेव्हासुद्धा. मग मान हलवून आत गेला. त्यानंतर त्यानं मला कधी काही सांगितलं नाही.

पोरांनी माझं ऐकलं. तोंडावर मारलं नाही. कानावर मारलं — बाहेरून काही दिसत नाही. मी गरम तेल घालत राहिलो. दवाखान्यात नेलं तेव्हा डाव्या कानाचा पडदा फाटला होता, आत सगळं सडलं होतं. तो कान कायमचा गेला. डॉक्टर माझ्यावर ओरडले, एवढे दिवस काय करत होता तुम्ही?

सुमनला मी सांगितलं, विहिरीत उडी मारताना पाणी गेलं. नितीन शेजारी उभा होता. तिनं त्याचं पोहणं कायमचं बंद केलं. त्याला जगात दोनच गोष्टी आवडायच्या — चित्रं आणि पोहणं. त्यातली एक माझ्या खोट्यानं गेली.

बालाजीला मी कधी दोष दिला नाही. कोणत्या तोंडानं देणार होतो? मैदानावर जाणं मात्र सुटलं. गुडघे दुखतात, असं लोकांना सांगितलं. तेही खोटं.

नितीन आता औरंगाबादला असतो. त्याला मुलगी आहे. दिवाळीला येतो, पाया पडतो, माझी औषधं वेळेवर पाठवतो. तक्रारीला जागा ठेवत नाही. जेवायला बसताना तो नेहमी माझ्या उजव्या हाताला बसतो. तिथं बसलं की त्याचा डावा कान माझ्याकडे होतो. मी बोलतो. तो ताटाकडे बघत जेवत राहतो.