तेलाचा हात
काल पेटीत कापडाच्या कारखान्यातला माझा जुना शर्ट सापडला, त्याला अजून लूमच्या तेलाचा वास येतो. त्या वासानं बमरोलीच्या खोलीतली दुपार आठवली. बायको आजारी, खाटेवर पडून होती, चार दिवस पोटात घास नव्हता. टेम्पोखाली मेलेल्या मांजरीचं पिल्लू तिच्या उशाशी असायचं. ते दुधात भिजवलेली वात चोखायचं, पण खायला तयार नव्हतं. ही म्हणाली, "ते खिचडी खाईल त्या दिवशी मीपण खाईन." मग मी हट्टालाच पेटलो. मऊ खिचडी कुस्करून बोटावर धरली, तर पिल्लानं तोंड फिरवलं. "अहो, हात धुवा पहिले, तेलाचा वास मारतोय. मला चाळीस वर्षांची सवय आहे, त्याला कुठली?" मी साबणानं तीनदा हात धुतले. पिल्लानं बोट चाटलं, मग वाटीतच तोंड घातलं. मी ओरडलो, "खाल्लं बघ! आता तुझी पाळी." तिनं घास घेतला आणि हसली. संध्याकाळी तिचं तोंड पुसायला गेलो, तर तो घास गालात तसाच होता. आठवड्यात ती गेली. पिल्लाचा बोका झाला, कोणाच्याही दारात खातो. माझे हात आता साफ असतात. काय उपयोग त्यांचा?