महानंदाअक्कांचं उड्डाण

आमच्या कारखान्यात टेबलाखाली कतरण साठते ना, तसे किस्से साठतात. झाडायला बसलं की बोचकंच भरतं! त्यातलं पोखऱ्याचं बोचकं आज सोडतो.

सोलापुरात आम्ही शाळेचे गणवेश शिवतो. दिवाळीनंतर मालक शिवाण्णांनी जाहीर केलं, "यंदाची सहल नेपाळला! पोखऱ्यात पॅराग्लायडिंग!"

कटिंगमास्तर राजूमामांनी विचारलं, "म्हंजे काय?"

"डोंगरावरनं उडी टाकायची."

"मग एवढ्या लांब कशाला? मरायला हितं जागा कमी हाय काय?"

*

सगळ्यात आधी नाव कुणी दिलं असेल? महानंदाअक्कांनी! काज-बटणाच्या मशीनवर त्यांचा हात कुणी धरणार नाही, पण उंचीची भीती एवढी की पोटमाळ्यावरचं बटणांचं खोकंही दुसऱ्याला काढायला लावतात. आम्ही चाटच पडलो.

कारण त्यांच्या सोलापूरजवळच्या होटगी गावातल्या घरात होतं. त्यांची मुलगी सुवर्णा स्कूटीवरून पडली होती. हाड जुळलं, भीती मात्र गेली नाही. सोलापुरातल्या एका लॅबमध्ये नोकरी लागलेली, पहाटेची ड्युटी, आणि ही गाडीला हात लावेना. नोकरी हातची जायची वेळ आली. तेव्हा अक्का म्हणाल्या, "मी आभाळात जाऊन येते. तू मला न्यायला गाडीवर स्टेशनला ये. हाय कबूल?"

सुवर्णा हसली. "आई, तू आधी पोटमाळ्यावर तर चढ!"

*

पोखऱ्याच्या डोंगरावर पायलटांनी अंगात घालायचे पट्टे दिले. आम्ही ते आधी उलटे केले! शिवलेली वस्तू हातात आली की उलटी करून शिवण ओढून बघायची, ही आमची जुनी खोड. मागे गोऱ्यांची रांग ताटकळली. एक पायलट वैतागला, "भाई, क्या ढूँढ रहे हो?"

"बारटॅक!" मामा म्हणाले. जिथं ताण येतो तिथं मारलेली जाड शिलाई म्हणजे बारटॅक. ती सापडल्यावरच आम्ही पट्टे चढवले.

*

मामांच्या उड्डाणाचा व्हिडिओ आहे. खाली तळं, समोर बर्फाचे डोंगर, आणि मामांचे डोळे गच्च मिटलेले! तोंडानं सारखा जप, "बारटॅक हाय, बारटॅक हाय!"

उतरल्यावर म्हणाले, "काय सीनरी होती राव!"

*

शिवाण्णांचा नंबर आला आणि त्यांचं पोट दुखायला लागलं. "तुमी जावा. मी हितंच चपला सांभाळतो."

आम्ही सगळे बूट घालूनच उडत होतो!

*

मग अक्का. साडीऐवजी आमच्याच कारखान्यातली शाळेची ट्रॅकपँट. पायलट म्हणाला, "दौड़ना, बैठना मत!" अक्का चार पावलं धावल्या आणि कडेला येताच फतकल मारून बसल्या. वरच्या छत्रीचं कापड भसकन खाली आलं.

मी जवळ गेलो. म्हटलं, "राहू द्या अक्का. उडाले म्हणून सांगा. सुवर्णा कुठं बघायला आलीय?"

"तिला न्हाय कळायचं. मला कळंल की."

उठल्या. या वेळी डोळे उघडे ठेवून धावल्या. जमीन सुटली तरी पाय हवेत धावतच होते! वरून देवाच्या नावाची कानडी आरोळी आली, "अय्यो शिवने!" आणि पाठोपाठ हसू. असं हसताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

*

परतीची गाडी सोलापूरला आली. फोनवर सुवर्णानं न्यायला यायचं कबूल केलं नव्हतं, त्यामुळे अक्का स्टेशनाबाहेर येताना रिक्षा शोधत होत्या. बघतो तर फाटकाशी स्कूटी! त्यावर सुवर्णा, होटगीहून एकटी आलेली. हँडल अजून दोन्ही हातांनी गच्च धरलेलं.

"आई, बसतेस ना?" ती म्हणाली.

अक्कांनी आपली बॅग माझ्या हातात दिली. लेकीच्या हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा उलटा केला, शिवण दोनदा ओढून बघितली आणि मागे बसल्या.

"हाय बारटॅक. चल!"