देवी काढल्या का?

आधी घर सांगते, मग माणसं, मग झालं ते. हा क्रम चुकला की ऐकणारे नुसते हसतात. हसण्यासारखं त्यात होतंही, पण तेवढंच नव्हतं.

उत्तर नागपुरातली आमची वस्ती. दोन खोल्या, वर कौलं, पुढे ओटा, गल्लीच्या तोंडाशी नळ. सासरे कापड गिरणीत कामाला. सासू घरी. नवरा रेल्वेत, त्या वर्षी बदलीवर बाहेरगावी. मी मौद्याची, मॅट्रिक होऊन सून म्हणून आलेली, आणि माझी मुलगी, नुकती रांगायला लागलेली. सासऱ्यांना मी मामाजी म्हणे आणि सासूला आत्याबाई. आमच्याकडे तसंच म्हणतात. साठीचं दशक अर्धं सरलं होतं.

त्या घरात देव नव्हते. छप्पन साली मामाजींनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरी आल्यावर पहिलं काम केलं ते देव्हारा रिकामा करण्याचं. दोन देवींचे टाक, शेंदराचा एक गोटा, मातामायच्या नावाने बांधून ठेवलेला नारळ, सगळं फडक्यात गुंडाळून ते नदीत सोडून आले. आत्याबाई म्हणाल्या होत्या, एक तरी ठेवा. त्यावर मामाजींचं उत्तर वस्तीत बरेच दिवस फिरत होतं: "एक ठेवली की तिच्या बहिणी पाहुण्या येते." नंतर त्या कोनाड्यात त्यांचं दाढीचं सामान राहू लागलं. सून म्हणून मी आले तेव्हा तो कोनाडा मला तसाच दिसला, आणि त्यात एकेकाळी काय होतं ते आत्याबाईंनी मला हळू आवाजात सांगितलं.

आता शब्दाचं सांगायला हवं, कारण आजच्या मुलांना तो ठाऊक नाही. अंगावर मोठे फोड आणणाऱ्या त्या रोगालाच आपल्याकडे देवी म्हणत. कोणी माता म्हणे. रोग होऊ नये म्हणून दंडावर लस टोचायची, त्याला देवी काढणे म्हणत. टोचणारा माणूस घरोघर येई. तो डॉक्टर नसे, तरी त्याला देवी डॉक्टर म्हणत. म्हणजे रोग देवी, औषध देवी आणि माणूसही देवीचाच. एवढी वर्षं कोणाला त्यात काही अडलं नव्हतं. आमच्या घरी अडलं.

एके सकाळी मी नळावर होते. पाण्याचे दोन गुंड भरून आले तर दाराच्या चौकटीवर खडूची खूण. आत्याबाई म्हणाल्या, देवी डॉक्टर येऊन गेला. मी छोटीचा दंड पाहिला. कोराच. दुसरा पाहिला, तोही कोरा. मामाजी तोवर गिरणीत गेले होते. संध्याकाळी ते चहा घेत बसल्यावर मी विचारलं.

"मामाजी, देवी डॉक्टर आला होता. छोटीची राहून गेली."

"राहीन कशी? त्यानं विचारलं, घरात सगळ्यांच्या देवी काढल्या का. मी म्हटलं, काढल्या."

"छोटीच्या कुठं काढल्या?"

"छोटीच्या काहून? घरातल्या म्हणे तो. मी सांगितलं, सगळ्या काढल्या, छप्पनलेच काढल्या, एक बी ठेवली नाही. शाबास म्हणे अन् खूण करून गेला."

चुलीजवळून आत्याबाईंचं हसू फुटलं. "अवं बाई, हे त्याले नदीतल्या देव्या सांगून राहिले."

मीही पदर तोंडाला लावला. मामाजी मात्र हसले नाहीत. बशी खाली ठेवून म्हणाले, "मंग त्यानं नीट विचारावं. देवी काढल्या का म्हणजे मी काय समजू?"

"त्याचं म्हणणं टोचण्याचं होतं, मामाजी. रोग येऊ नये म्हणून."

"म्हणजे माह्या नातीच्या अंगात देवी टोचाची. घरातून काढली अन् आता पोरीच्या दंडात घालाची."

"नाव तसं आहे. आहे औषधच."

"औषधाले औषध म्हणाव. नाव बदलून या म्हणा, मंग टोचा."

एवढ्यावर मी त्यांना वळवलं असतं. ते डॉक्टरला न मानणारे नव्हते. गिरणीत कोणाला ताप आला तर अंगारा नको, दवाखान्यात जा, असं सांगणारे तेच. पण आत्याबाई मध्ये पडल्या, आणि माझ्या बाजूने पडल्या, तिथे बिघडलं.

"टोचून घ्या ना. थोडीशी देवी आधीच अंगात गेली की मंग ते कोपत नाही."

"ऐकलं?" मामाजी माझ्याकडे वळून म्हणाले. "याच्याचसाठी मी नाही म्हणतो."

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की आत्याबाईंना लस हवी होती ती देवी आहे म्हणून, मामाजींना नको होती तीही देवी आहे म्हणून, आणि ती काय आहे हे विचारायला दोघांनाही सवड नव्हती. मी ठरवलं, दवाखान्यातला टोचणीचा वार येईपर्यंत रोज थोडं थोडं बोलायचं. कामं मी अशीच करते, एकदम ओढत नाही. पण रोग माझ्या वेळापत्रकाने चालणारा नव्हता.

मागच्या गल्लीत मामाजींच्या गिरणीतल्या एका सोबत्याचा मुलगा तापाने पडला. मग अंगावर उठलं. सोबतीही दीक्षा घेतलेला, पण त्याच्या बायकोने दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले आणि जुनी रीत सुरू केली. फोडणी नाही, घरात वहाण नाही, बाहेरच्याने उंबरा ओलांडायचा नाही. वस्ती त्या दारावरून वळसा घालून जाऊ लागली.

मामाजींना ते सहन होईना. सोबती एकटा पडला होता. "लोक रोगाले नाही भीत, लिंबाच्या फांदीले भीते," असं म्हणत ते तिथे गेले, आत जाऊन बसले, मुलाची आई अंथरूण बदलत होती तेवढा वेळ त्यांनी मुलाला खांद्यावर घेतलं. त्यांना स्वतःला भीती नव्हती, आणि त्यात त्यांचं चुकत नव्हतं. लहानपणी त्यांना देवी येऊन गेल्या होत्या. गालांवर, नाकावर वण होते. एकदा झालेल्याला हा रोग पुन्हा होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ते घरी आले तेव्हा छोटी रांगत पुढे गेली. त्यांनी उचललं. तिचे दात येत होते. जे हाती लागेल ते चावायची, आणि आजोबांच्या सदऱ्याचा खांदा ही तिची आवडती जागा. मी भाकरी थापत होते. वळून पाहिलं तर तिच्या तोंडाजवळ, सदऱ्याच्या खांद्यावर, पिवळट ओला डाग.

"मामाजी, कुठं गेले होते?"

त्यांनी सांगितलं.

मी पिठाच्या हातानेच छोटीला ओढून घेतलं. तिचं तोंड धुतलं, हात धुतले, झबलं काढलं. सदरा मागितला आणि चुलीवरच्या उकळत्या पाण्यात टाकला. मामाजी उघड्या अंगाने ओट्यावर उभे राहून पाहत होते.

"काय करून राहिली वं? मले तर होऊन गेली ते."

"तुम्हाला होणार नाही, मामाजी. सदऱ्याले थोडीच होऊन गेली आहे."

घरात मी एरवी शुद्ध बोलायचा प्रयत्न करी. ते वाक्य कसं निघून गेलं कळलं नाही. मामाजी आत गेले, दुसरा सदरा घातला, बाहेर आले आणि म्हणाले, "चाल."

पुढे मी स्वतः दवाखान्यात कामाला लागले आणि ह्या रोगाबद्दल बरंच शिकले, म्हणून आता सांगू शकते. विषाणू हा शब्द तेव्हा मला येत नव्हता. तो इतका लहान, की साध्या सूक्ष्मदर्शकातही नीट दिसत नाही, आणि एकटा असला तर काहीच करू शकत नाही. त्याला दुसऱ्याचं शरीर लागतं. देवीचा विषाणू मुख्यतः श्वासातून, नाकाघशातून आत शिरे. फोडांतल्या पुवाने, खपल्यांनी, अंथरुणा-कपड्यांनीही जाई. आत गेल्यावर आठवडाभर, दीड-दोन आठवडेही तो दिसत नसे. माणूस हसतो-जेवतो आणि आत त्याच्याच पेशी त्या विषाणूच्या प्रती काढत बसतात. मग ताप, मग फोड, आणि मग जवळ येणाऱ्याला लागण. गाईम्हशींना वेगळ्या देवी येत, पण माणसाचा हा रोग माणसातच राही. माणूस माणसाकडे गेला नाही, की त्याची वाट बंद. म्हणून आता वाटतं, त्या लिंबाच्या फांदीने मुलाला बरं केलं नाही, पण दार मात्र बंद ठेवलं. कारण चुकीचं, काम बरोबर. आणि मामाजींचं उलट झालं. देवी नाही हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं, सोबत्याला एकटं टाकू नये हेही बरोबर होतं. रोगाने त्यातलं काही ऐकलं नाही.

दवाखान्याच्या खिडकीवर कंपाउंडर बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं, "काय काम?"

"टोचाचं आहे," मामाजी म्हणाले.

"काय, देवी?"

मागे रांग होती. एक म्हातारा म्हणाला, "बोला ना गा, उन्हाचं काहून उभं ठेवता?"

"पोरगी वाचवाची आहे," मामाजी म्हणाले. "तुम्ही जे म्हणता ते तुम्ही म्हणा."

आतल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं. कोणाच्या घरी, मुलाला केव्हापासून उठलं, सदरा केव्हा लागला. मग म्हणाल्या, "लगेच आलात, बरं झालं. रोगाला तयारीला वेळ लागतो. लस लवकर टोचली तर ती त्याच्या आधी तयार होते. पण हमी देत नाही." बारीक दाते असलेली लोखंडी चकती छोटीच्या दंडावर टेकवून फिरवली. ती ओरडली, आणि मामाजींनी भिंतीकडे तोंड केलं.

बाईंनी मुलाच्या घराचा पत्ता मागितला. दुसऱ्या दिवशी टोचणारे आमच्या दोन्ही गल्ल्यांत आले, आणि मामाजी गिरणीतली पाळी बुडवून त्यांच्यापुढे चालले. दारात उभं राहून ते टोचणाऱ्यांना देवी काढल्या का हा प्रश्न विचारूच देत नव्हते. म्हणत, "दंड दाखवा." ज्याच्या दंडावर वण नाही, त्याला तिथेच बसवत. गिरणीतल्या दुसऱ्या एका सोबत्याने टोमणा मारला, "काहून गा, आता तूच देवी डॉक्टर झाला का?" मामाजी म्हणाले, "तू दंड काढ. बडबड नंतर कर."

घरी आमची वाट पाहणं सुरू झालं. दंडावर आधी बारीक पुळी, मग फोड आला. लस लागली होती. पण आठवडा उलटल्यावर छोटीला ताप भरला, आणि तिथे माझं सगळं नियोजन संपलं. लसीनेही ताप येतो, रोगही तापानेच सुरू होतो. हा कोणता, ते अंगावर उठेपर्यंत कोणी सांगू शकत नव्हतं. मी तिचे तळहात पाहायची, कपाळ, जिभेखाली, टाळूला. मामाजी गिरणीतून आले की ओट्यावरच थांबत. हातपाय धूत, सदरा बदलत, तरी आत येत नसत.

"तोंडावर काही?" ते बाहेरून विचारत.

"नाही."

"हातावर?"

"नाही, मामाजी."

"पाह्य नीट."

आत्याबाई एकदा म्हणाल्या, "या ना आत, तिले तुमच्याकडे यायचं आहे, रडून राहिली." ते म्हणाले, "रडू दे." आणि लांब, नळापर्यंत जाऊन आले.

ताप दोन दिवस चढत राहिला आणि मग उतरला. अंगावर काही उठलं नाही. दंडावरचा फोड सुकून काळी खपली धरली. मागच्या गल्लीतला मुलगाही जगला, पण एका डोळ्याची दृष्टी गेली. मामाजी त्याच्याकडे जात राहिले. आता परतल्यावर आमच्या घरात पाऊल टाकण्याआधी ते नळावर अंघोळ करत, आणि कपडे मीच उकळत असे.

खपली गळून पडली त्या दिवशी आत्याबाईंनी दहीभात केला. वर मीठ, फोडणी नाही, गार. देवी उतरली की तिला असा थंड भात दाखवायचा ही जुनी रीत, हे त्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांनी भात कुठे दाखवला, दाखवला की नाही, ते मी पाहिलं नाही.

मामाजी जेवायला बसले. छोटी आज त्यांच्या मांडीवर होती. ताटाकडे पाहून ते म्हणाले, "आज दहीभात काहून?"

"ऊन किती आहे," आत्याबाई म्हणाल्या.

मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग नातीच्या दंडावरच्या गुलाबी, ताज्या वणाकडे पाहिलं. पहिला घास त्यांनी तिला भरवला.

"फोडणी द्याची होती," ते म्हणाले, आणि ताटातला सगळा भात खाल्ला.