झोपेतलं माप

माझी मावशी माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, कानाकडे बघते. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचा होणारा नवरा पहिल्यांदा घरी आला, तर त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरत ती म्हणाली, "उजव्यापेक्षा डावा कान जरा ऐसपैस आहे हो तुमचा." बिचारा जाईपर्यंत डाव्या कानावर हात ठेवून बसला होता.

हा नाद तिला पन्नाशीनंतर लागला, आणि लावला मी. त्याआधी बावीस वर्षं ती एका दंतवैद्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवायची. तिथे प्लास्टर, मेण, घासायची छोटी मोटर आणि खिडकीत ओळीने सुकत ठेवलेले जबडे असायचे. मी लहानपणी तिथे गेले की मुकाट्याने त्यांच्याकडे पाठ करून बसायची. मग डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला आणि मावशी घरी बसली. घरी बसली म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या हात धुऊन मागे लागली. डाळीचे डबे उंचीप्रमाणे लावून झाल्यावर तिने काकांच्या चपला लावायला घेतल्या, तेव्हा काका मला म्हणाले, "हिला काहीतरी काम बघ गं बाई."

मी लहान मुलांच्या ऐकण्याच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. फायली काढणं, तारखा देणं आणि रडणाऱ्या पोरांपुढे रंगीत ठोकळे सरकवणं हे माझं काम. माझा स्वभाव चौकस आहे. घरचे त्याला भोचक म्हणतात. आमच्याकडून मुलांना ऐकू येण्यासाठी कानामागे लावायची मशीनं फुकट मिळायची, तरी फेरतपासणीला निम्मी मुलं रिकाम्या कानांनी यायची. असं का, हे मला काही केल्या कळेना. म्हणून मी ज्याला त्याला विचारायला लागले.

"मशीन कुठंय?"

"कपाटात," एक आजोबा छाती फुगवून म्हणाले. "जसं मिळालं तसं डब्यात ठेवलंय. ओरखडासुद्धा नाही."

मी त्यांच्यावर चिडले, आणि ते माझं चुकलंच. मशीनचा आवाज कानात पोचवतो तो मोल्ड, कानाच्या आकाराचा एक मऊ रबरी तुकडा. तो सैल झाला की आवाज फटीतून बाहेर येतो, परत मशीनमध्ये शिरतो आणि मशीन शिट्टी मारायला लागतं. पोर ते उपटून फेकतं, घरचे वैतागतात आणि मशीन कपाटात जातं. नवा मोल्ड हवा तर कानात लगदा भरून घेतलेलं माप दूरच्या शहरात पाठवायचं आणि पाच आठवडे थांबायचं. तान्ह्या पोराचा कान काही पाच आठवडे वाढायचा थांबत नाही. मोल्ड यायचा तेव्हाच लहान झालेला असायचा.

एक जुना मोल्ड मी मावशीला दाखवायला घरी नेला. तिने तो उजेडात धरला, उलटासुलटा केला, आणि तिची चहाची कपबशी तशीच थंड झाली.

"ही तर कानाची कवळीच की," ती म्हणाली. "याला पाच आठवडे कशाला लागतात? दोन दिवसांचं काम आहे."

आमच्या दवाखान्यात मुलांचे कान तपासणाऱ्या ताई वयाने मावशीच्या लेकीएवढ्या, पण शिस्तीच्या पक्क्या. त्यांनी तिला मोल्डचं सामान आणून दिलं, महिनाभर प्लास्टरच्या कानांवर हात बसवायला लावला आणि मगच पहिलं पोर सोपवलं.

ती होती तेरा महिन्यांची ठमी. हे नाव आम्ही ठेवलेलं, कारण ती माझ्या टेबलावर बसली की कागद, शिक्के, पेनं सगळं आपलंच समजायची. बाप गवंडी, आई त्याच्याच बरोबर कामावर. तीन आठवड्यांनी ते लांबच्या एका बांधकामावर निघणार होते, आणि तिथून सहा महिने येणं जमणार नव्हतं. ठमीची दोन्ही मशीनं नुसती शिट्ट्या मारत होती.

"बोलणं कानात साठायचे हेच महिने असतात," ताई आम्हाला आतल्या खोलीत म्हणाल्या. "हे सहा महिने ती मशीनशिवाय राहिली, तर ते मी तिला कुठून परत आणून देऊ?"

मावशीने पहिले मोल्ड दोन दिवसांत केले. काचेसारखे गुळगुळीत! ताईंनी ते ठमीच्या कानात बसवले, मशीन सुरू केलं, आणि अशी शिट्टी झाली की बाहेर बसलेले लोक आत डोकावले.

मावशीचा चेहरा पडला. "माझी कवळी आजवर कुणाच्या तोंडातून निसटली नाही," ती दोनदा म्हणाली. ताईंनी मोल्ड मापाशेजारी ठेवला तेव्हा चूक दिसली. कानाच्या नळीत जाणारं वळणदार टोक मावशीने कापून टाकलं होतं. कवळीत पुढे आलेलं टोक हिरडीला टोचतं, म्हणून ते दिसलं की तिचा हात आपसूक ते काढायला जायचा. ज्या टोकाने आवाज कानातच अडून राहायचा, तेच तिने केराबरोबर झाडून टाकलं होतं.

दुसरे मोल्ड टोकासकट केले. ते बसवले आणि शिट्टी आली नाही. मावशीने माझा दंड असा दाबला की वळ उठला. तेवढ्यात आईने ठमीच्या तोंडात दुधाची बाटली दिली, आणि दोन घोट जातात न जातात तोच पुन्हा शिट्टी. बाटली काढली की बंद, दिली की सुरू. ठमीने दोन्ही मशीनं ओढून माझ्या फायलीवर फेकली. निघायला सहा दिवस उरले होते.

मला वाटलं, आता मावशी हातपाय गाळणार. तिने उलट ताईंना गळ घातली, "माझ्या कानाचं माप घ्या. बिघडतंय कुठे ते मला आतून बघायचंय." मोल्ड झाला, ताईंनी अगदी बारीक आवाजाचं एक मशीन त्याला जोडलं. मावशी गप्प बसली, मशीनही गप्प.

"बघा, माझ्या कामात काही..." तिने तोंड उघडलं आणि शिट्टी वाजली. तिने तोंड मिटलं. शिट्टी थांबली.

दुसरी कुणी मितभाषी बाई असती तर शोध लागलाच नसता. आमची मावशी बोलल्याशिवाय राहूच शकत नाही. तिने मशीन काढलं, करंगळी कानात घातली आणि रिकाम्या तोंडाने चावायला लागली. मग मला म्हणाली, "तूही घाल." मी टेबलावर बसून, समोर पाच-सहा आईबाप बघत असताना, कानात करंगळी घालून जबडा हलवला. खरंच, कानाची नळी आतल्या आत हलत होती. इतकी वर्षं हे दोन कान मी डोक्याला लावून हिंडतेय आणि मला पत्ता नव्हता.

"ठमीचं माप कसं घेतलंत?" मावशीने ताईंना विचारलं.

"झोपेत. लहान मुलांचं झोपेतच घेतो आम्ही. हलत नाहीत."

"म्हणजे तोंड मिटलेलं. आणि जागेपणी ती काय तोंड मिटून बसते? दूध पिते, रडते, मुठी चोखते. आमचे डॉक्टर कवळीचं माप घेताना माणसाला तोंड हलवायला लावायचे. बावीस वर्षं मी जबडे केले, आणि तेच इथे विसरले!"

ताईंनी त्या दिवसाच्या दोन तपासण्या पुढे ढकलल्या आणि ठमीला बोलावून घेतलं. मांडीवर जागी ठमी, तोंडात बाटली, आई थोडं थोडं दूध देतेय, बाप खुळखुळा हलवतोय, आणि ताई आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा व मग मापाचा मऊ लगदा कानात भरतायत. लगदा घट्ट होईपर्यंत कुणी नीट श्वाससुद्धा घेतला नाही. ते मोल्ड निघायच्या आदल्या दिवशी बसले. ठमीने अख्खी बाटली संपवली. खोलीत फक्त घोटांचा आवाज येत होता.

सहा महिन्यांनी ते परतले. कान वाढले होते, मशीनं पुन्हा बारीक शिट्टी मारत होती. बाप म्हणाला, "शिट्टी मारली तरी काढू देत नाही हो. रात्री काढायचं म्हणजे भांडण."

नव्या मापासाठी मावशीने दोन्ही मशीनं काढून आपल्या मुठीत घेतली. ठमीने आधी तिच्या मुठीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. तळहात पुढे केला आणि म्हणाली, "दे."

तिच्या तोंडून आम्ही ऐकलेला हा पहिला शब्द. आई चटकन पुढे आली. ताई हातातला बोळा विसरल्या. माझे डोळे भरून आले, ते मी फायलीआड लपवलेही नाहीत.

"देते गं बाई, दहा मिनिटं धीर धर," मावशी म्हणाली. मशीनं तिच्याच मुठीत होती, तेव्हा ठमीला ते ऐकू गेलं नसणारच.

ठमीने हात मागे घेतला नाही.