घमेल्यातली राख

माझ्या मुलीनं पुण्यात मांजर पाळलंय. पांढरं, केसाळ, दिवसभर सोफ्यावर लोळणारं. परवा तिच्याकडं गेले तर बाईसाहेब मांजराच्या शी-शूसाठी आणलेली तीन पाकिटं पुढ्यात मांडून बसलेल्या. एकातली माती ओली झाली की तिचा गोळा होतो, एकातले खडे वास पिऊन घेतात, एकात लाकडाच्या बारीक गोळ्या. "आई, यातलं कुठलं चांगलं गं?" असं तिनं सहज विचारलं. मी म्हटलं, "मला काय कळतंय मांजरातलं?" आणि चहा टाकायच्या निमित्तानं उठले.

धडधडीत खोटं बोलले. वाळू, माती, भुसा, बगॅस, राख, सगळं मी वापरून पाहिलंय, आणि तेही एका वर्षात. कशानं काय होतं ते त्या पाकिटवाल्यांपेक्षा मला जास्त ठाऊक आहे. पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागतं, आणि पुढचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मालकांनाही नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझं माहेर बारामतीचं, नळाच्या पाण्याचं. लग्न होऊन वरकुट्याला आले तेव्हा सासू आधीच वारलेली. घरात मालक आणि सासरे, सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. मग शेतात पाणी आलं, ऊस आला. मालकांना साखर कारखान्यात नोकरी लागली आणि मेंढरं विकून टाकली. मामा मोकळे झाले, म्हणजे रिकामे झाले.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि मामांच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरलं काय, तर मेंढरं हाकताना तोंडानं काढायचे ती 'हुर्र' आणि डावा हात. तोंड पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं, खालचं सगळं काढणं, हे माझ्या वाट्याला आलं. चोवीस वर्षांची होते मी. नवऱ्याला मूल का होत नाही म्हणून लोक विचारत नव्हते, मला विचारत होते, आणि मी म्हाताऱ्याची दुपटी धुवत होते. चिडचिड व्हायची हो. तोंड माझं पहिल्यापासून फाटकं. काम कधी टाळलं नाही, पण काम करताना बडबड काही थांबायची नाही.

मामांच्या घोंगडीत एक मांजरी झोपायची. कबरी, गावठी, कुठून आली कुणास ठाऊक. तिला बघितलं की मामा 'हुर्र' करायचे, आणि ती मेंढरासारखी निमूट त्यांच्या डाव्या काखेत येऊन बसायची. ती तिथं असली तरच मामा तोंड उघडायचे. ती बाहेर भटकायला गेलेली असली की मी घास धरून बसायची आणि ते भिंतीकडं बघत राहायचे. त्यांचं पोट त्या मांजरीवर चालत होतं असं म्हटलं तरी चालेल.

एका हंगामात उसाच्या ट्रॉलीचं चाक तिच्या मागच्या पायावरनं गेलं. मेली नाही, पण पाय फरफटत चालायची. बाहेर गेली असती तर कुत्र्यांनी फाडली असती. म्हणून ती मामांच्या खोलीत कोंडली, आणि तिच्यासाठी कोपऱ्यात एक पत्र्याचं घमेलं ठेवलं. झालं! म्हाताऱ्याचं होतंच, आता मांजरीचंही काढा.

मालक रात्रपाळी करून यायचे ते दारातच नाकाला रुमाल लावायचे. त्यांचं म्हणणं एकच, "आबांचा वास मी सोसीन, त्ये माझं बाप हायत. मांजरीचा न्हाय सोसायचो. घरात परत वास आला तर पोत्यात घालून सुप्याच्या माळावर सोडून येतो तिला." ते नुसतं बोलायचे नाहीत, करायचे. माझ्या देखत एक चावरं कुत्रं त्यांनी तसंच सोडलं होतं. मांजरी गेली असती तर मामा उपाशी मेले असते. म्हणजे सगळं त्या घमेल्यावर येऊन ठेपलं.

आधी वाळू घातली. घर बांधताना उरलेली नदीची वाळू परड्यात पडून होती. मांजरीला ती पसंत पडली, उकरून छान झाकायची. पण वाळू ओल पीत नाही, सगळं तळाला साचतं, आणि दुसऱ्या दिवशी घमेलं हलवलं की डोळ्यांतून पाणी. शिवाय तिच्या पायाला चिकटून कण घोंगडीवर यायचे. मामांची पाठ आधीच सोललेली. एका सकाळी कुशीवर वळवलं तर जखमेत वाळू रुतलेली. ती मी ओल्या फडक्यानं एकेक कण करून काढली, आणि मामा दात आवळून पडून होते. वाळू त्याच दिवशी बाहेर.

मग काळी माती, आमच्या रानातलीच. ती ओली झाली की तिचा गोळा होतो, अलगद उचलून टाकता येतो. मुलीच्या त्या पाकिटावर हेच मोठ्या अक्षरात छापलंय. पण गोळा होतो तसा चिखलही होतो. मांजरीचे चारी पाय बरबटलेले, मामांच्या छातीवर, उशीवर, गालावर मातीचे ठसे. एकदा नणंद आली होती बापाला बघायला, तिनं ते पाहिलं आणि दारातूनच म्हणाली, "वयनी, आबांना गोठ्यात ठिवलंय व्हय गं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवस राहून त्यांचं काढ म्हणावं, मग बोल. तोंडावर मात्र बोलले नाही, सासरच्या माणसाला काय बोलणार. मातीही गेली.

इंदापूरहून लाकडाच्या वखारीतला भुसा आणला, एसटीच्या टपावर पोतं टाकून. वास उत्तम, ओलही पितो. पण उडतो. मामांना ठसका लागला की खोकता यायचं नाही, नुसते निळे पडायचे. दोनदा तसं झालं आणि उरलेलं पोतं मी चुलीत घातलं. मालकांनी कारखान्यातून बगॅस आणला, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा. त्यात गोडी राहिलेली असते हे आम्हां उसवाल्यांनाच सुचू नये? तिसऱ्या दिवशी घमेल्यापासून खाटेपर्यंत मुंगळ्यांची रांग. मामांच्या बधिर पायाला मुंगळे डसले होते आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. मला कळलं ते पाय सुजल्यावर. त्या दिवशी मी मांजरीपुढं घमेलं आपटलं आणि ओरडले, "एक दिवस इखच घालते तुला, सटवे! सुटू दे एकदा मला." मामा बघत होते.

शेवटी राख. चुलीची, चाळून घेतलेली, गार झालेली. अहो, राखेसारखं दुसरं काही नाही. ओल पिते, वास मारते, फुकटची, टोचत नाही. मांजरीचे पाय पांढुरके व्हायचे तेवढंच. महिनाभर घर शांत झालं. मालकही रुमाल विसरले. मला वाटलं, जिंकले.

मग घोंगडीत पिसवा झाल्या. मांजरीच्या अंगावर, मामांच्या अंगावर, माझ्या पायांवर लाल गांध्या. मालकांना चावल्या तशी त्यांनी पोतं काढून दाराला अडकवलं. "उद्याच्याला सुटी हाय माजी," एवढंच म्हणाले.

आमच्या घरात मेंढरांच्या दिवसांपासूनचा एक डबा होता. बीएचसी पावडरचा, कीड मारायच्या औषधाचा. त्या वेळी ती घरोघर असायची. भाजीवर मारायची तर राखेत कालवून फडक्याच्या पुरचुंडीनं झटकायची. मेंढरांना गोचीड झाले की लोकरीत चोळायची. मालक सांगायचे, लहानपणी शेकडो मेंढरांना हातानं चोळलीय, एकाला काही झालं नाही. मग मला काय वाटणार? मी त्याच दुपारी डबा काढला, मामांच्या खोलीतच बसले, घमेल्यातल्या राखेत दोन मुठी पावडर कालवली. उरलेली मांजरीच्या अंगाला चोळली, मानेपासून शेपटीपर्यंत, मेंढराला चोळतात तशी.

मामा ओरडायला लागले. ओरडणं कसलं, घशातून नुसतं घरघर. डाव्या हातानं खाटेची कड बडवत होते, डोळे मोठे करून. मला वाटलं खाली झालंय. बघितलं, कोरडं होतं. पाणी दिलं, थुंकलं. मग माझा पारा चढला. म्हटलं, "मामा, गप ऱ्हावा की जरा! तुमच्याच मांजरीसाठी चाललंय ह्ये सगळं. उद्या ते पोत्यात घालून नेतील तिला, तवा कळंल." ते बडवतच राहिले. मी उठून दार ओढून घेतलं.

तासाभरानं गेले तर मांजरी खाटेखाली थरथरत होती. तोंडातून फेस. पाय ताडताड झाडत होती, तो मोडकासुद्धा. दूध डेअरीवर जनावरांचा डॉक्टर यायचा, तिथवर पळत गेले. गाभण म्हैस तपासता तपासता त्यानं विचारलं, "काय लावलं?" मी सांगितलं. त्यानं मान हलवली. "ताई, मेंढरू अंग चाटतं का? मांजर दिवसभर चाटतं. पोटात गेली असंल सगळी."

एवढी साधी गोष्ट. आयुष्यभर मेंढरांत राहिलेल्या म्हाताऱ्याला ती ठाऊक होती. माझ्या पुढ्यात बसून ती मांजरी रोज अंग चाटायची, मला दिसायचं, आणि मला सुचलं नाही.

परत आले तोवर ती ताठ झाली होती. खाटेखाली, मामांना वाकूनही दिसणार नाही अशा जागी, पण ऐकू तर सगळं आलंच असणार त्यांना. मी तिला बाहेर काढली. त्यांच्या पायाशी बसून रडले, म्हटलं, "चूक झाली मामा, मला ठावं नव्हतं, देवाशपथ ठावं नव्हतं." मामा माझ्याकडं बघत होते. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते भ्यालेले होते.

संध्याकाळी मालक आले. मांजरी कशानं मेली हे त्यांनी विचारलं नाही. पोतं काढून घडी करून ठेवलं आणि म्हणाले, "सुटलीस बग."

दुसऱ्या दिवशी दुधात भाकरी कुस्करून घास मामांच्या तोंडाशी नेला. त्यांनी नाक पुढं केलं आणि वास घेतला. मग ओठ घट्ट मिटले. मला वाटलं मांजरी नाही म्हणून. रात्री मालकांनी भरवलं तर सगळं खाल्लं, कटोरा चाटूनपुसून. सकाळी पुन्हा मी, पुन्हा वास, पुन्हा ओठ बंद. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी इखाची धमकी दिलेली त्यांनी ऐकली होती. खाट बडवून अडवलं तरी मी चोळत राहिले, तेही पाहिलं होतं. त्यांच्या हिशेबी मी मांजरी मारली होती आणि आता पाळी त्यांची होती.

कुणाला सांगणार? मालकांना सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तीन दिवस दिवसा पोटात अन्न नाही. पाळीमुळं मालक एकदाच भरवायचे. मामांचे गाल आत गेले, लघवी विटकरीसारखी झाली. तिसऱ्या दुपारी मी दार लावून घेतलं. आमच्याकडं सून सासऱ्यासमोर जेवत नाही. चार वर्षांत मामांनी मला एक घास खाताना पाहिलेलं नव्हतं. मी त्यांच्या समोर खाली बसले, डोक्यावरचा पदर मागं सारला, त्यांच्या कटोऱ्यातला घास घेतला, त्यांना दिसेल असा चावला आणि गिळला. तोंड उघडून रिकामं दाखवलं. मामांनी बराच वेळ वाट बघितली. मी मरते का ते बघत होते. मग तोंड उघडलं.

त्यानंतर आठ महिने असंच. सकाळी, दुपारी, संध्याकाळी पहिला घास माझा, मग त्यांचा. औषधाचीही चव आधी मला घ्यावी लागायची. मालकांनी एकदा दारातून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरले. गावभर सांगत सुटले. शेजारच्या बाया आपापल्या सुनांना म्हणायच्या, "बघा, बारामतीची हाय, पण सासऱ्यासंगं एका ताटात जेवती." मी मान खाली घालायची. लोकांना तो विनय वाटायचा. मला मात्र एकदा तरी मामांनी न बघता तोंड उघडावं एवढंच हवं होतं. रोज वाटायचं आज उघडतील.

गेले त्या दिवशी घरात माणसं जमली होती. श्वास लागलेला. नणंद उशाशी रडत होती, मालक पायाशी. कुणीतरी म्हणालं, सुनेच्या हातचं पाणी पाजा, तिनंच केलंय सगळं. मी चमचा भरून पुढं झाले. मामांचे डोळे चमच्याकडं नव्हते, माझ्या तोंडाकडं होते. सगळ्यांच्या देखत तो चमचा मी आधी प्याले. मग दुसरा भरला, आणि तो त्यांनी घेतला.