मी स्टेजवर जोडे का काढत नव्हतो

मी स्टेजवर जोडे का काढत नव्हतो, हे आजवर मी कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आमच्या नाटकमंडळीत सगळ्यांना वाटायचं, सरकारी नोकरीचा तोरा आहे. मी वाटू दिलं. तोरा आहे म्हणवून घेणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला सरकारी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो आणि ड्यूटीनंतर लोकांचे रेडिओ दुरुस्त करत होतो. शेजारच्या ब्लॉकमधला एक जण बदली होऊन दक्षिणेत निघाला, तेव्हा त्याची विजेवर वाजणारी गिटार मी विकत घेतली. परदेशी बनावटीची, तेव्हाच जुनी झालेली. रंग तांबूस, कडेला काळपट होत गेलेला. ती अर्धी पोकळ होती, म्हणजे दोन्ही कुशी रिकाम्या आणि मधोमध भरीव लाकडाचा ठोकळा. वर दोन बाजूंना लांब वळणदार खाचा. त्यातून आत पाहिलं की जुन्या लाकडाचा वास यायचा. विजेशिवाय नुसती छेडली तरी छातीला तिचा स्वर कळायचा.

दोष एकच. वाजवायला घेतली की सुराच्या मागे सतत घुं असा आवाज. तो मला झोपू देईना. मी स्वतःला मोठा मेकॅनिक समजत होतो.

तारा ज्यावर टेकतात ती घोडी लाकडाची होती. मी भंडाऱ्याला एका कासाराकडे गेलो आणि पितळेची घोडी ओतून मागितली. त्याने नमुना उलटसुलट करून पाहिला.

"गुंड सांगा, घागर सांगा, करून देतो. हे काय होय जी? बैलाच्या गळ्यात बांधता का?"

पण घोडी त्याने झकास ओतली. मी पंधरा दिवस कानशीने घासून ती बसवली. मग आतलं वायरिंग बदललं. पोकळीत हात जात नाही, म्हणून आवाजाच्या बटणांना दोरे बांधून ती खाचेतून बाहेर काढायची, नवी वायर जोडायची आणि दोरा ओढत परत जागेवर आणायची. एका वायरचं टोक मी पितळेच्या घोडीखाली दाबलं आणि दुसरं अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलं. घुं थांबलं. एकदम थांबलं. त्या दिवशी मी चहाचे तीन कप प्यालो.

आता खरी गोष्ट. तो अॅम्प्लिफायर मी एका जुन्या रेडिओतून बनवला होता. काही जुन्या रेडिओंत ट्रान्सफॉर्मर नसायचा. मेन लाइनची एक तार सरळ आतल्या पत्र्याला जोडलेली. रेडिओ लाकडी खोक्यात बंद असतो, म्हणून कोणाला काही होत नाही. मी मात्र तोच पत्रा घोडीला जोडला होता, आणि घोडीवर सहा उघड्या तारा. दोन पिनांचा प्लग एका बाजूने लावला तर तारा थंड. उलटा लावला तर तारांत करंट.

हे मला आठवड्यातच कळलं. अनवाणी बसलो होतो, हाताला असा हिसका बसला की गिटार मांडीवरून उडाली. उपाय मला माहीत होता. नागपूरहून एक ट्रान्सफॉर्मर आणून मध्ये बसवायचा. पण तो बसवला की घुं पुन्हा येईल अशी भीती होती, आणि घुं मी घालवलं हे मी सगळ्या मंडळीला सांगून बसलो होतो. म्हणून मी प्लगवर एका बाजूला नखांच्या पॉलिशने लाल खूण केली, खिशात टेस्टर ठेवला आणि रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट घेतले. खूण वर असली की ठीक. या तीन गोष्टींवर माझं माझ्यापुरतं भागत होतं.

आमच्या मंडळीत आंबागडचा एक धानाचा शेतकरी होता. तो बेंजो वाजवायचा. बेंजो म्हणजे ती बटणांची पेटी, डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. माझ्याच वयाचा, पण मला बाबू म्हणायचा, आणि म्हणताना हसायचा. स्टेजवर पाय ठेवण्याआधी तो चपला काढून मातीला हात लावायचा. सगळेच लावायचे.

"बाबू, तुमचे पाय जमिनीले लागले तं झिजतीन का?" तो विचारायचा.

"सवय आहे."

"सवय बायकोची होते जी. जोड्याची कोणाले होते?"

त्या वर्षी धान निघाल्यावर त्याच्याच गावात खेळ ठरला. दुपारी आम्ही तयारीला पोचलो. स्टेज म्हणजे कमरेएवढा मातीचा ओटा, बायकांनी नुकताच शेणाने सारवलेला. ओल अजून वाळली नव्हती. मी स्वतः प्लग लावला, खूण वर ठेवली, तारांना टेस्टर लावून पाहिला. दिवा लागला नाही. मग गिटार ओट्यावर ठेवून चहाला खाली उतरलो.

परत आलो तर गावच्या मंडळाचे म्हातारे अध्यक्ष ओट्याच्या पायरीवर बसलेले. शांत माणूस.

"बाबू, जोडे काढून चढा."

"पायाला खिळा लागलाय, काका."

"कोणत्या पायाले?"

"उजव्या."

"मग डावा तं काढा." आजूबाजूचे हसले. ते हसले नाहीत. "ज्या ओट्यावर देव मांडतो, त्यावर जोड्यानं चढू देऊ का? तुमीच सांगा."

 खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण पन्नास माणसं उभी होती.

बेंजोवाला वरून म्हणाला, "जाऊ द्या ना जी. त्याईचा पाय दुखते. सुरवातीची धून मी वाजवून पाहतो. तुमी खालून सांगा, बाबू."

मी चहाला गेलो तेवढ्यात लाइन गेली होती आणि आलीही होती. लाऊडस्पीकरवाल्याने सगळे प्लग काढून दुसऱ्या बोर्डावर लावले होते. माझी नजर तिकडे गेली. लाल खूण खाली होती.

तो गिटार उचलायला वाकला होता. अजून हात लागला नव्हता. "थांब" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं असतं तर अध्यक्षांनी विचारलं असतं, काहून? मग जोड्यांचं सगळं निघालं असतं, सहा महिन्यांपासून मंडळीला कशाच्या शेजारी बसवलं तेही निघालं असतं. आणि वाटलं, खूण खाली असली म्हणून या बोर्डावर करंट असेलच असं नाही. दोनच शक्यता होत्या. मी चांगल्या शक्यतेवर माणूस सोडला. तीन-चार श्वासांचा वेळ होता. तो पुरेसा होता, हे मी नंतर कितीदा तरी मोजून पाहिलं आहे.

त्याने डाव्या हाताने तारा धरल्या. आवाज त्याचा नाही, गिटारचा आला, मोठा, घोगरा. हात सुटेना. मी धावत जाऊन वायर खेचली. तो मागे फेकला गेला आणि ओट्यावरून खाली, कडेला ठेवलेल्या लोखंडी पेटीवर डाव्या मनगटावर पडला.

वाचला. बोटांवर तारांच्या काळ्या रेघा होत्या, त्या महिन्याभरात गेल्या. मनगट मात्र मोडलं होतं, ते वाकडं जुळलं. मधली तीन बोटं मिटेनात.

आणि वाचवलं कोणी, तर मी. लोकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग दुसरी चर्चा सुरू झाली, की स्टेज बाटला, बाबू इतके दिवस जोड्याने चढला म्हणून हे झालं. अध्यक्षांनी मला ओट्यापुढे नारळ फोडून माफी मागायला सांगितलं. मी लगेच मागितली. इतक्या आनंदाने मी कधी माफी मागितली नसेल. चुकीच्या गुन्ह्याची शिक्षा मिळत होती, आणि ती हलकी होती.

आठ दिवसांत नागपूरहून ट्रान्सफॉर्मर आणून बसवला. घुं परत आलंच नाही. माझी भीतीसुद्धा खोटी निघाली.

पुढच्या वर्षी मी अनवाणी ओट्यावर चढलो. अध्यक्ष म्हणाले, "आता माणूस झाले." बेंजोवाला खाली प्रेक्षकांत बसला होता. तो हसून ओरडला, "तुमचे जोडे बाधले मले, बाबू. तुमाले काहीच नाही झालं."

त्या खेळाच्या थोडं आधी, कापणीच्या दिवसांत, मी त्याच्या बांधावर गेलो होतो. धान कापताना डाव्या मुठीत ताटं धरावी लागतात, मग उजव्या हाताने विळा. त्याची मूठ होत नव्हती. त्याची बायको कापत होती आणि तो भारे डोक्यावर वाहत होता. मला पाहून त्याने भारा उतरवला, बसायला पोतं टाकलं.

"तुमची काय चूक जी?" तो म्हणाला. "माह्याच हाताले घाम होता."

मी पाणी प्यालो. इकडचं तिकडचं बोललो. उठलो.

गिटार अजून माझ्याकडे आहे. पितळेची घोडी काळवंडली आहे. वर्षातून एकदा तो भंडाऱ्याला आला की घरी येतो आणि तीच सुरुवातीची धून वाजवायला सांगतो. मी वाजवतो. तो मिटत नसलेल्या बोटांनी गुडघ्यावर ठेका धरतो. डोळे मिटून ऐकतो, म्हणून माझं तोंड त्याला दिसत नाही.

लाल खूण खाली होती, ती मला दिसली होती, आणि मी थांब म्हटलं नाही. हे मला त्याच्या तोंडावर सांगायचं आहे. ते अजून बाकी आहे.