कमानीपुढचं पाणी

गेटवे ऑफ इंडियाचा फोटो नेमका कुठून काढावा, या एका प्रश्नापायी मी सबंध एक हिवाळा कर्जत-मुंबई-कर्जत करत होतो. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. हौस वगैरे काही नव्हती. मला तो फोटो पडद्यासाठी हवा होता.

कर्जत स्टेशनाबाहेरच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, दोन मोठे दिवे, एक स्टूल आणि मागं कारंज्याचं चित्र काढलेला पडदा. कारंज्यापाशी एक हंस होता. पडदा गुंडाळताना घडी नेमकी त्याच्या मानेवर यायची, त्यामुळं तिथला रंग उडाला होता. "मुंडकं नसलेलं बदक कशाला आमच्या फोटोत?" असं लोक तोंडावर विचारायचे. ते खरंच होतं, म्हणून मला जास्तच राग यायचा.

धंदा तसा बरा चालला होता. आमच्या लोकांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा घराघरांतले जुने देव निघाले आणि भिंती एकदम रिकाम्या झाल्या. मधोमध बुद्धाची तसबीर लागली आणि तिच्या दोन्ही अंगांना लोक स्वतःचे फोटो लावू लागले. नवराबायको, मॅट्रिक झालेला मुलगा, नोकरीला लागलेला भाऊ. आमच्याही घरी तसंच झालं. फोटो भिंतीला लागला की माणूस घरातून हलत नाही, असं आई म्हणायची.

पण मग नेरळच्या एका फोटोवाल्यानं प्लायवूडची मोटार बनवली. तिच्यात बसून स्टिअरिंगवर हात ठेवला की फोटो तयार. झालं, निम्मं गिऱ्हाईक तिकडं वळलं. उरलेलं निम्मं मुंबईला कामाला गेलेल्या पोरांनी बिघडवलं. ती पोरं गेटवेपुढं उभी राहून काढलेले फोटो गावी पाठवायची. मग कळंबचा, पळसदरीचा माणूस माझ्या दारात उभा राहून विचारायचा, "मुंबईचा पडदा हाय का?" नाही म्हटलं की चप्पल न काढताच परत. मी मुळात उतावळा माणूस. चार वेळा ऐकून घेतलं आणि पाचव्यांदा ठरवलं, गेटवेचाच पडदा करायचा.

गेटवे मला नवा नव्हता. आदल्या वर्षी धाकट्या भावाला मी तिथूनच निरोप दिला होता. त्याला परदेशी जाणाऱ्या एका मालवाहू जहाजावर भटारखान्यात काम मिळालं होतं. आईला ते अजिबात पसंत नव्हतं. "कोरड्या जमिनीवर कामं संपली काय?" म्हणून तिनं दोन दिवस आकाशपाताळ एक केलं आणि तिसऱ्या दिवशी रागानं कळंबला मावशीकडं निघून गेली. त्याच संध्याकाळी भावाला बोलावणं आलं. पहाटेच्या गाडीनं निघायचं होतं. कळंबला निरोप धाडला, पण आई चालत, धावत कर्जतला पोचली तेव्हा गाडी सुटून दोन तास झाले होते. जहाज आत समुद्रात उभं होतं. गेटवेच्या पायऱ्यांवरून लाँच जहाजावरच्या लोकांना घेऊन गेली. भाऊ लाँचच्या मागच्या टोकाला उभा होता आणि दिसेनासा होईपर्यंत मागंच बघत होता.

हे सगळं मी आईला शंभरदा सांगितलं असेल. तिचा प्रश्न मात्र हलत नव्हता. "त्याला वाटलं आसंल, आई रागानं आली नाय."

"तसं नाय वाटलं त्याला, मी सांगितलं," मी म्हणायचो.

"तुज्या सांगन्यानं काय व्हतंय?"

पत्रं मी लिहायचो. आई रागावलेली नाही, हे दर पत्रात घालायचो. त्याचं उत्तर यायचं, तब्येत ठीक आहे, जेवण ठीक आहे. त्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. मग आई पत्र उलटंसुलटं करून बघायची आणि चुलीपुढं जाऊन बसायची. मी तिला म्हटलं, चल, तुला ती जागा दाखवून आणतो. तर फटकन म्हणाली, "आता जाऊन कुनाला टाटा करू?" आणि तरी मी मुंबईहून आलो की पहिला प्रश्न तिचाच असायचा, कुठं उभा होतास, काय काय दिसलं. मला त्या घरात बसवेना. ती अशी झुरत बसलेली बघितली की मला लगेच काहीतरी काम आठवायचं आणि मी बाहेर पडायचो. पडद्याचं काम त्याला फारच सोयीचं होतं.

पहिल्या खेपेला मी सकाळीच जाऊन पोचलो आणि कमानीपुढच्या फरसबंदीवर उभा राहिलो. सूर्य समुद्राकडून वर आलेला. कमान त्याच्यापुढं काळीठिक्कर. तो फोटो धुतल्यावर नुसता एक भोक पडलेला कोळसा दिसत होता. ही साधी गोष्ट कॅमेरा गळ्यात घालून फिरणाऱ्या माणसाला आधी कळू नये, याचा मला इतका संताप आला की रीळच फेकून दिलं.

दुसऱ्या खेपेला दुपारी गेलो. उजेड छान, दगडाचा पिवळसर रंगसुद्धा डोळ्यांत भरत होता, पण पुढं माणसंच माणसं. शेंगदाणेवाले, कबुतरं, शाळेच्या सहली. शिवाय तिथले फोटोवाले. मी त्यांचा धंदा बुडवायला आलोय असं समजून एकजण मी कॅमेरा डोळ्याला लावला की बरोबर मध्ये येऊन उभा राहायचा. "अहो, मला माणसं नकोत, नुसती कमान हवी," मी त्याला सांगितलं. त्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं आणि तो तिथंच उभा राहिला.

मग बागेच्या कोपऱ्यातून, तिरपा काढून बघितला. दोन बाजू दिसत होत्या, कमानीला खोली आली होती, फोटो म्हणून झकास. पण तिरप्या कमानीपुढं सरळ माणूस उभा केला की तोच कललेला वाटतो. लग्नाच्या जोडप्याला कोण कललेलं दाखवणार? समोरच्या मोठ्या हॉटेलच्या फुटपाथवरून बघितलं, कमानीच्या अगदी पोटाशी जाऊन वर बघितलं. प्रत्येक जागी पाच मिनिटांच्या वर पाय ठरेना. कुठंतरी आणखी चांगली जागा असणार आणि ती आपल्याला सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक असणार, असं सारखं वाटायचं.

शेवटी एका सकाळी घारापुरीच्या लाँचमध्ये चढलो. लेणी बघायची नव्हतीच. लाँच धक्क्यापासून सुटली, थोडी आत गेली आणि मी मागं वळून बघितलं. सकाळचं सगळं ऊन कमानीच्या तोंडावर. पुढं माणूस नाही, कबूतर नाही, पायऱ्या धुतल्यासारख्या स्वच्छ. डावीकडं हॉटेलचा घुमट आणि खाली चमकणारं पाणी. लाँच हलत होती, गुडघे कठड्याला दाबून मी उरलेलं सगळं रीळ संपवलं. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता, आणि हे मी बायकोला बोलूनही दाखवलं. दोन दिवस घरात अबोला होता.

पडदा रंगवायला दिला कुंभिवलीच्या पेंटरला. हायवेवर ट्रकच्या मागं कमळं, मोर आणि वाघ काढणारा माणूस. हात मोठा, रंग भडक, पण काम चोख. त्यानं मांजरपाटाच्या पट्ट्या शिवून घेतल्या, फोटो समोर टांगला आणि आठवडाभरात पडदा तयार केला. टेंपोतून तो दुकानात आणून टांगला तेव्हा गल्लीतले लोक गोळा झाले. कमान हुबेहूब होती. पाणी तर त्यानं असं रंगवलं होतं की लाटांवर लाटा, फेस, शिवाय पदरचं एक होडकं. पाणी थेट खालच्या काठापर्यंत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पळसदरीचं नवं जोडपं आलं, सोबत मुलाचे चुलते. जोडपं पडद्यापुढं उभं राहिलं. मी कॅमेऱ्यामागून बघतो तर नवरी हळूच लुगड्याचा काठ उचलून धरतेय.

"काठ सोड गं, व्यवस्थित उभी रहा," मी म्हटलं.

"भिजंल की," ती म्हणाली आणि फिसकन हसली.

चुलत्यांनी पडदा खालपासून वरपर्यंत बघितला. "आरं, ह्ये पोरगं कोट घालून पान्यात उबं हाय. भाताच्या लावनीला उबा केलास काय रं त्याला?"

मग सगळेच हसायला लागले. जागा शोधत मी एवढा हिंडलो, उजेड बघितला, गर्दी बघितली, कल बघितला. त्या जागेपुढं माणूस उभा करायचाय, तर त्याच्या पायाखाली काय येणार, हे काही मी बघितलं नव्हतं. जोडपं नेरळला जाऊन मोटारीत बसलं. चार दिवसांत "लावणीचा पडदा" हे नाव कर्जतभर झालं. मी पेंटरकडं जाऊन भांडलो. तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या फोटोत पानी हाय, मी पानी काडलं. फरशी पायजे तर रविवारी येऊन फरशी मारतो." म्हटलं, मार.

शनिवारी दुपारी आई डबा घेऊन दुकानात आली. एरवी ती डबा ठेवून लगेच निघायची. त्या दिवशी पडद्यापुढं थबकली. आता हिचंही एक वाक्य ऐकावं लागणार म्हणून मी आधीच चिडून बसलो होतो.

"ह्ये पान्याकडनं हाय काय रं?" तिनं विचारलं.

"हो. लाँचमधून काढलाय."

"म्हंजे त्याला जाताना आसंच दिसलं आसंल."

त्याच पाण्यावर उभं राहून मी सबंध रीळ संपवलं होतं आणि माझ्या डोक्यात ही गोष्ट एकदाही आली नव्हती.

आईनं डबा स्टुलावर ठेवला. पदर सारखा केला आणि पडद्यापुढं जाऊन उभी राहिली. "काड."

"आई, उद्या फरशी होणार आहे. मग काढू चांगला. आत्ता तू पाण्यात दिसशील."

"दिसंना. पायऱ्यांवर काय, पान्यात काय. मी तितं हाय, ह्ये त्याला दिसलं पायजे. हात वर करू?"

"कर."

फोटोत हात वर करायची आमच्याकडं पद्धत नव्हती. लोक मुठी आवळून उभे राहायचे. आईनं उजवा हात वर केला. मी दिवे लावले, कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातलं आणि तिथं मला थोडा वेळ लागला, कारण काचेवरचं काही नीट दिसेना. फोटो घेतला. पुढं पुढं उभी राहिल्यामुळं आई कमानीहून उंच आली होती, आणि तिचा हात हलला होता. पुन्हा काढू म्हटलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. टाटा करताना हात हलतोच."

रविवारी पेंटर आला आणि त्यानं समुद्रावर फरशी मारली. पडदा पुढं चांगली बारा-तेरा वर्षं चालला. खालापूरपर्यंतची लग्नं त्या फरशीवर उभी राहिली. फोटो मी भावाला पाठवून दिला. त्याच्या उत्तरात पुन्हा तेच, तब्येत ठीक, जेवण ठीक.

तो आला दोन वर्षांनी. जेवून झाल्यावर त्यानं शर्टाच्या खिशातून तो फोटो काढला. कोपरे गेलेले, मध्ये घडी पडलेली.

"जहाजावरचे लय हसायचे," तो म्हणाला. "पान्यात उबं राहून कोन फोटो काडतं म्हनायचे. मी सांगायचो, माजी आई हाय. रागावली व्हती, पन पोचवायला पान्यात उतरली."

आई ताटं उचलत होती. ती तशीच थांबली. भावाकडं बघितलं, फोटोकडं बघितलं आणि म्हणाली, "मग? गुडघ्यापातूर पानी व्हतं."

आई शेवटपर्यंत मुंबईला गेली नाही. पण तो फोटो बुद्धाच्या तसबिरीशेजारी लागल्यावर घरी येणारा प्रत्येकजण विचारायचा, आणि ती प्रत्येकाला बसवून सांगायची की लेकाला पोचवायला ती कशी गेली होती, लाँच कशी लांब लांब गेली, आणि सकाळच्या वेळी तिथलं पाणी किती थंड असतं.